वैद्यकाच्या पोथ्या आणि त्यांचे सूचीकार

भारतीय वैद्यकाचे जुने ग्रंथ बहुधा तारखेविना हाती येतात. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत रचनेचे साल नाही. त्यांवरच्या अनेक टीकांतही ते नाही. गावोगावच्या वैद्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या संग्रहग्रंथांत तर कित्येकदा कर्त्याचे नावसुद्धा सापडत नाही. ग्रंथ कोणी, कोठे आणि केव्हा रचला, त्यातले कोणते औषध नवे आणि कोणता रोग प्रथमच नोंदलेला, या प्रश्नांचा उलगडा ग्रंथाच्या मजकुराइतकाच त्याच्या पोथ्यांतून होतो. पोथीच्या अखेरची पुष्पिका, नकलेचे शके किंवा संवत, नकलकाराचे गाव, मजकुरात आलेली इतर ग्रंथकारांची नावे हा सारा पुरावा विखुरलेला असतो. तो गोळा करून, तपासून, क्रमाने मांडण्याचे काम सूचीकार करतो. या अर्थाने सूचीकार हाच भारतीय वैद्यकाचा पहिला इतिहासकार ठरतो. महाराष्ट्रात या कामाचे मुख्य केंद्र पुणे राहिले आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा परशुराम कृष्ण गोडे यांचा आहे.

युरोपातील वाट

युरोपात ग्रंथसूचीची परंपरा छापील पुस्तकांभोवती वाढली. स्वित्झर्लंडमधील वैद्य कॉनराड गेस्नर याने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची विश्वसूची छापली. अठराव्या शतकात आल्ब्रेख्त फॉन हालर याने वनस्पतिशास्त्र, शस्त्रक्रिया, शारीर आणि औषधोपचार या विषयांच्या स्वतंत्र ग्रंथसूची तयार केल्या. अमेरिकेत लष्करी डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' हे नियतकालिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी लष्करी वैद्यक ग्रंथालयाच्या विषयवार सूचीचा पहिला खंड काढला. आर्नोल्ड क्लेब्स यांनी पंधराव्या शतकात छापलेल्या वैद्यक व विज्ञानग्रंथांची यादी १९३८ मध्ये प्रसिद्ध केली.

या सर्वांना एक सोय होती. छापील पुस्तकाच्या सर्व प्रती सारख्या असतात आणि पुष्कळदा त्यावर मुद्रकाचे नाव, गाव व साल असते. भारतातील सूचीकाराला ती सोय नव्हती. येथे प्रत्येक पोथी वेगळी. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत अध्यायांचा क्रम बदललेला, श्लोक कमीजास्त झालेले, कधी एका ग्रंथाचे नाव दुसऱ्यावर चढलेले. त्यामुळे भारतीय वैद्यकाची सूची करणे म्हणजे पुस्तकांची यादी करणे नव्हे, तर एकेक पोथी वाचून तिची साक्ष नोंदवणे होय.

मुंबई इलाख्यातील पोथीशोध

मुंबई सरकारने संस्कृत पोथ्या जमवण्याचा उपक्रम १८६६ मध्ये सुरू केला. दोन वर्षांनी लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी गव्हर्नर जनरलला पत्र लिहून देशभरच्या पोथ्यांची नोंद व्हावी अशी विनंती केली आणि या कामाला अखिल भारतीय रूप आले. मुंबई इलाख्यात गेओर्ग ब्यूलर, फ्रांट्स कीलहॉर्न, पीटर पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पोथ्यांचा शोध घेतला. ब्यूलर यांनी १८७१ ते १८७३ या काळात गुजरात, काठेवाड, कच्छ, सिंध आणि खानदेश येथील खाजगी संग्रहांची सूची छापली. कीलहॉर्न यांनी मध्य प्रांतातील पोथ्यांची सूची १८७४ मध्ये नागपुरात प्रसिद्ध केली. वेद, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष यांच्या जोडीने वैद्यकाच्या पोथ्याही या शोधात येत गेल्या.

सरकारी संग्रह आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होता, नंतर तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. येरवड्याच्या माळावर, आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीकडे जाताना लागणाऱ्या परिसरात या कॉलेजची इमारत १८६८ मध्ये उभी राहिली होती. श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनी तेथील संग्रहाची यादी १८८८ मध्ये छापली. ती नावे व क्रमांक देणारी यादी होती. प्रत्येक पोथीला ती ज्या वर्षी वा ज्या वर्षांत मिळाली त्यांचा आकडा जोडलेला असे, आणि आजही त्या संग्रहातील पोथी त्याच खुणेने मागवली जाते. साध्या वाटणाऱ्या या पद्धतीमुळे पोथी कोणाच्या शोधातून आली हे दीडशे वर्षांनंतरही सांगता येते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. १ एप्रिल १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी डेक्कन कॉलेजातील सरकारी संग्रह या संस्थेच्या हवाली केला. त्यात सतरा हजारांहून अधिक पोथ्या होत्या. नंतरच्या भरीमुळे हा संग्रह अठ्ठावीस हजारांच्या पुढे गेला.

सूचीमुळे सापडलेले ग्रंथ

नुसत्या याद्यांनीही वैद्यकाच्या इतिहासाला किती दिले हे काही उदाहरणांवरून दिसते. भेलसंहिता हा चरकाच्या बरोबरीचा प्राचीन ग्रंथ केवळ इतरांनी दिलेल्या उताऱ्यांवरून माहीत होता. तंजावरच्या मराठा राजांच्या ग्रंथालयात त्याची तेलुगू लिपीतील एकच खंडित प्रत टिकली होती. आर्थर बर्नेल यांनी तंजावरच्या पोथ्यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये छापली तेव्हा ती विद्वानांच्या नजरेस आली, आणि १९२१ मध्ये कलकत्त्याहून ग्रंथ छापला गेला. ज्या ग्रंथालयाने ही प्रत राखली त्याची भरभराट सरफोजी दुसरे यांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ मध्ये, झाली. वैद्यकाची आवड असलेल्या या राजाने संस्कृत, मराठी आणि तमिळ ग्रंथांबरोबर युरोपीय वैद्यकाची पुस्तकेही जमवली.

थिओडोर आउफ्रेख्त यांनी निरनिराळ्या सूची एकत्र करून संस्कृत ग्रंथ व ग्रंथकारांची महासूची १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत काढली. पुणे, तंजावर, लंडन आणि बर्लिन येथे विखुरलेल्या एकाच ग्रंथाच्या प्रती त्यामुळे प्रथमच शेजारी शेजारी दिसू लागल्या. त्याच सुमारास, १८९० मध्ये, मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रावरील बॉवर हस्तलिखित मिळाले. रुडॉल्फ हर्नले यांनी त्यातील वैद्यक भागांचे संपादन केले आणि गुप्तकाळाच्या आसपास लिहिलेली वैद्यकाची प्रत्यक्ष पोथी अभ्यासकांपुढे आली. यूलियस यॉली यांचा भारतीय वैद्यकावरील जर्मन ग्रंथ १९०१ मध्ये निघाला तो अशाच पायावर.

छापखान्यांचा वाटा

महाराष्ट्रात सूची आणि मुद्रण एकमेकांना बळ देत वाढले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या 'सर्वांगसुंदरा' टीकेसह वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' १८८० मध्ये छापले. पुण्यात महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापलेल्या आनंदाश्रमाने पोथ्याही जमवल्या आणि ग्रंथमालाही चालवली. 'योगरत्नाकर', 'रसरत्नसमुच्चय', वृंदाचा 'सिद्धयोग', पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' आणि 'राजनिघंटु'सह 'धन्वंतरीय निघंटु' हे ग्रंथ या मालेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत बाहेर पडले. मुंबईत वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी निर्णयसागर छापखान्यातून चरक आणि सुश्रुत यांच्या सटीक आवृत्त्या काढल्या. आजही अभ्यासक त्या जवळ ठेवतात.

या आवृत्त्यांनी ग्रंथ सर्वांच्या हाती दिले. मात्र संपादकांसमोर असलेल्या प्रती थोड्या होत्या, आणि काळाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. तो सोडवायचा तर यादीच्या पुढे जाऊन पोथीचे तपशीलवार वर्णन हवे होते.

१९३९ ची वैद्यक सूची

भांडारकर संस्थेने सरकारी संग्रहाची वर्णनात्मक सूची विषयवार खंडांत काढायला घेतली. तिच्या सोळाव्या खंडाचा पहिला भाग वैद्यकाला वाहिलेला आहे. डॉ. हरदत्त शर्मा यांनी तो सिद्ध केला आणि १९३९ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

वर्णनात्मक सूचीतील नोंद कशी असते हे समजले की तिचे मोल कळते. प्रथम ग्रंथाचे नाव आणि पोथीचा क्रमांक. मग पत्राची लांबी-रुंदी, पत्रांची संख्या, एका पृष्ठावरच्या ओळी आणि एका ओळीतली अक्षरे. या आकड्यांवरून ग्रंथाचा एकूण विस्तार मोजता येतो आणि प्रत पुरी आहे की तुटलेली हे ताडता येते. त्यानंतर कागद, लिपी, अक्षराचे वळण, समासातल्या टिपा, हरताळ लावून झाकलेल्या चुका, गेरूने केलेल्या खुणा, वाळवीने खाल्लेले भाग. मग नकलेचे साल आणि कर्त्याची माहिती. शेवटी प्रारंभीचा व अखेरचा मजकूर मूळ संस्कृतात, पुष्पिकेसह, आणि त्या ग्रंथाच्या इतर प्रती व छापील आवृत्त्या कोठे आहेत याची नोंद.

प्रारंभ आणि अखेर यांचे उतारे हा या पद्धतीचा गाभा आहे. नाव चुकलेली पोथी तिच्या पहिल्या श्लोकावरून ओळखता येते. मंगलाचरणात आश्रयदात्या राजाचे नाव असते. ग्रंथाच्या शेवटी कर्ता आपले कुळ, गाव आणि कधी कधी शके सांगतो. पुण्यात न येता, केवळ सूची उघडून, पॅरिस किंवा कोलकात्याचा अभ्यासक आपल्या प्रतीशी ताळा करू शकतो.

परशुराम कृष्ण गोडे

गोडे यांचा जन्म ११ जुलै १८९१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. १९१९ मध्ये ते भांडारकर संस्थेचे क्युरेटर झाले आणि पुढची अनेक दशके त्यांनी पोथ्यांच्या सान्निध्यात काढली. चारशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. त्यांतील निवडक निबंध भारतीय वाङ्मयेतिहास आणि भारतीय सांस्कृतिक इतिहास या दोन मालांच्या प्रत्येकी तीन खंडांत एकत्र आले. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची वाढवलेली आवृत्ती त्यांनी चिंतामण गणेश कर्वे यांच्यासह संपादित केली. १९६० मध्ये त्यांच्या गौरवार्थ ग्रंथ निघाला. २८ मे १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

गोडे यांची पद्धत स्पष्ट आणि कोणालाही तपासता येईल अशी होती. ग्रंथकाराने कोणाचा उल्लेख केला आहे हे पाहून ते पूर्वमर्यादा ठरवत, कारण उल्लेखिलेला ग्रंथ आधीचाच असणार. त्या ग्रंथाचा उल्लेख पुढे कोणी केला आणि त्याची सर्वांत जुनी साल असलेली प्रत कोणती, यावरून उत्तरमर्यादा ठरे. म्हणून त्यांच्या अनेक निबंधांच्या मथळ्यातच दोन साले असतात. एकच नेमके साल सांगण्याचा मोह टाळून पुरावा जेथवर नेतो तेथवरच ते जात. नवा पुरावा आला की मर्यादा आणखी जवळ आणता येत.

'योगरत्नाकर' हे याचे चांगले उदाहरण. महाराष्ट्रातील वैद्यांत अतिशय मान असलेला हा संग्रहग्रंथ कर्त्याचे नाव सांगत नाही. गोडे यांनी त्याचा काळ १६५० ते १७२५ यांच्या दरम्यान ठरवला. ग्रंथाच्या आतला पुरावाही याला पोषक आहे. त्यात तमाखूचे गुणदोष आले आहेत, आणि तमाखू भारतात आली ती पोर्तुगीजांच्या व्यापारातून. अकबराचा दूत असद बेग याने विजापुराहून आणलेली तमाखू दरबारात पोहोचली ती १६०४-०५ च्या सुमारास. तमाखूवर स्वतंत्र वैद्यकीय विवेचन करणारा ग्रंथ त्याहून बराच जुना असू शकत नाही. गोडे यांनी तमाखूच्या संस्कृत उल्लेखांचा स्वतंत्र मागोवा घेतला होता. वनस्पती, धान्य किंवा पदार्थ यांचा इतिहास ग्रंथाच्या कालनिर्णयासाठी वापरायचा आणि ठरलेल्या ग्रंथांच्या आधारे वस्तूंचा इतिहास पुढे न्यायचा, अशी ही दुहेरी रीत होती.

रोगांनाही हीच रीत लागू पडते. भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त फिरंगरोगाचे, म्हणजे गरमीचे, वर्णन आहे आणि त्यावर चोपचिनी सांगितली आहे. हा रोग पोर्तुगीजांच्या आगमनानंतर येथे पसरला. चोपचिनीची मुळी चीनकडून आली. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधिविषयक संवादांत तिची चर्चा केली आहे. संस्कृत निघंटु आणि गोव्यातील पोर्तुगीज ग्रंथ एकाच शतकातली एकच घडामोड दोन बाजूंनी सांगतात, हे सूचीच्या आधाराविना ध्यानात येणे कठीण होते.

मराठी मुलखातील वैद्यकाला गोडे यांच्या संशोधनाने चेहरे दिले. रघुनाथ गणेश नवहस्त हा 'भोजनकुतूहल' या ग्रंथाचा कर्ता. धान्ये, भाज्या, फळे आणि शिजवलेले पदार्थ यांचे वैद्यकीय गुण सांगणारा हा ग्रंथ गोडे यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात ठेवला. रघुनाथाचा समर्थ रामदासांशी स्नेह होता आणि तंजावरच्या व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय त्याला मिळाला, हे दुवे त्यांनी पोथ्यांतून जुळवले. ज्वारी, हरभरा, जिलेबी अशा वस्तूंच्या इतिहासावर लिहिताना हा ग्रंथ त्यांना फार उपयोगी पडला. चंपावती, म्हणजे चौल, येथील रघुनाथ मनोहर याने १६९७ मध्ये 'वैद्यविलास' रचला. जुन्नरशी परंपरेने जोडलेल्या लोलिंबराजाचे 'वैद्यजीवन' औषधयोग ललित श्लोकांत सांगते आणि त्याच्या प्रती देशभर सापडतात. गंगाधराचा 'गंधसार' आणि मराठी टीका असलेला 'गंधवाद' यांच्या एकमेव पोथीवर लिहून गोडे यांनी सुगंधी द्रव्यांचे सारे शास्त्र प्रकाशात आणले.

हरिशास्त्री पराडकर यांनी अरुणदत्त आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यांच्या टीकांसह 'अष्टांगहृदय' १९३९ मध्ये निर्णयसागरातून काढले, तेव्हा त्याला गोडे यांनी प्रस्तावना लिहिली. वैद्यक सूची आणि ही आवृत्ती एकाच वर्षीची. पोथ्यांचे वर्णन, काळाचा विचार आणि शुद्ध मुद्रण ही तिन्ही कामे त्या वर्षी एका पातळीवर आली.

या पद्धतीला मर्यादाही आहे. जेथे ग्रंथ एकमेकांचे उल्लेख करतात आणि साल असलेल्या प्रती मिळतात, म्हणजे साधारण बाराव्या शतकानंतर, तेथे ती उत्तम चालते. चरक-सुश्रुतांसारख्या अनेक हातांतून गेलेल्या संहितांचे थर वेगळे करायला मात्र पाठचिकित्सेचीच कास धरावी लागते.

पुण्याबाहेर पोहोचलेला परिणाम

वैदिक संशोधन मंडळाशी संबंधित चिंतामण गणेश काशीकर यांनी यॉली यांच्या जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर टिपांसह १९५१ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केले. अर्धे शतक जुन्या ग्रंथाला नव्या सूचींची जोड मिळाली आणि जर्मन न येणाऱ्या भारतीय वाचकाला तो खुला झाला. मद्रास विद्यापीठाने आउफ्रेख्त यांच्या महासूचीची नवी, कितीतरी मोठी आवृत्ती हाती घेतली आणि तिचा पहिला खंड व्ही. राघवन यांच्या संपादकत्वाखाली १९४९ मध्ये निघाला. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश तयार होत आहे. शब्दाचे अर्थ कालक्रमाने द्यायचे तर शब्द ज्या ग्रंथातला त्याचा काळ ठरलेला हवा, आणि वैद्यकातील वनस्पती, रोग व उपकरणे यांच्या शब्दांसाठी हा आधार सूचीकारांनीच उभा केलेला आहे.

या सर्व कामाचा सर्वांत मोठा साठा म्हणजे नेदरलंड्समधील डॉक्टर व संस्कृतज्ञ यान मेउलेनबेल्ड यांचा भारतीय वैद्यक वाङ्मयाचा इतिहास. १९९९ ते २००२ या काळात तो पाच पुस्तकांत निघाला. प्रत्येक ज्ञात वैद्यकग्रंथाचे विषय, कर्ता, काळ आणि त्यावरची मतमतांतरे त्यात आहेत, आणि गोडे यांच्या निबंधांचे संदर्भ त्यात पुन्हापुन्हा येतात.

मराठीतील वैद्यकसाहित्य

छापील मराठी पुस्तकांचे सूचीकार पुण्याचे शंकर गणेश दाते होत. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' त्यांनी १९४० च्या दशकात प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. वैद्यकाची मराठी पुस्तके यात विषयवार एकत्र मिळतात. विष्णु वासुदेव गोडबोले यांचा 'निघंटुरत्नाकर' आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील मराठी वर्गासाठी डॉ. सखाराम अर्जुन यांनी लिहिलेली पुस्तके हे त्या काळाचे दोन प्रवाह. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधिद्रव्यांची सूची १८७९ मध्ये इंग्रजीत छापली, तेव्हा ग्रंथांइतकीच वस्तूंचीही नोंद व्हायला हवी हे त्यांनी दाखवून दिले.

हस्तलिखित मराठी वैद्यकाची स्थिती वेगळी आहे. बाळबोध व मोडीतील बाडांत काढे, लेप, जनावरांचे उपचार, विषावरचे उतारे आणि मंत्र एकाच ठिकाणी लिहिलेले असतात. पुणे, धुळे आणि तंजावर येथील संस्थांत अशी बाडे आहेत, आणि जुन्या वैद्यघराण्यांतही. संस्कृत पोथीसाठी ठरलेला नोंदीचा साचा त्यांना पुरत नाही. बाडाला एक कर्ता नसतो, प्रारंभ-अखेर नसतात आणि निरनिराळ्या हातांनी वर्षानुवर्षे भर पडलेली असते. प्रत्येक उपचाराची स्वतंत्र नोंद, वापरलेल्या द्रव्याचे स्थानिक नाव, मापे आणि लिहिणाऱ्याचे गाव अशी बाडाची वेगळी सूची करावी लागते.

उरलेले काम

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले आणि पोथ्यांच्या नोंदी व डिजिटल प्रतिमा यांना वेग आला. प्रतिमेमुळे पोथी वाचते आणि दूरवर दिसते, पण ती ओळखण्याचे काम प्रतिमा करत नाही. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयातील सुश्रुतसंहितेची ८७८ सालची ताडपत्री प्रत याची साक्ष देते. तिचे महत्त्व अभ्यासकांनी या शतकात जाणले आणि २०१३ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेली. सुश्रुताच्या छापील आवृत्त्या तिच्याशी ताडून पाहताना अनेक जागी पाठ वेगळे निघतात. व्हिएन्नातील चरकसंहितेच्या प्रकल्पानेही अनेक प्रती जमवून विमानस्थानाचा पाठ नव्याने तपासायला घेतला.

महाराष्ट्रापुढे तीन कामे स्पष्ट दिसतात. १९३९ नंतर संस्थांत आलेल्या वैद्यक पोथ्यांच्या वर्णनात्मक नोंदी त्याच शिस्तीने व्हायला हव्यात. मोडी जाणणारे वाचक आणि वनस्पती ओळखणारे वैद्य यांनी मिळून मराठी बाडांची सूची केली पाहिजे. आणि घरांत असलेल्या पोथ्यांची नोंद मालकी तशीच ठेवून करता आली पाहिजे, कारण नोंद झालेली पोथी हरवली तरी तिचा प्रारंभ, अखेर आणि साल उरते. नोंद न झालेली पोथी मात्र मागमूस न ठेवता जाते. संस्कृत, मोडी आणि वनस्पती या तिन्हींची जाण असलेली माणसे घडवणे ही या तिन्ही कामांची पूर्वअट आहे.